तळ्याकाठी धरलेली जागा

"या घरात चार माणसं राहतात, हे मी सिद्ध करून दाखवीन!" नरेंद्रकाकांनी ग्लेन वेव्हर्ली उपनगरातल्या घराच्या स्वयंपाकघरात जाहीर केलं. ऐकायला फक्त फ्रिज होता.

मुलगा सलिल ऑफिसात, सून मंजिरी हॉस्पिटलच्या शिफ्टला आणि नात ओवी हेडफोनमध्ये. काकू गेल्यापासून काकांशी सर्वांत जास्त बोलायचं ते वॉशिंग मशीन! म्हणून त्यांनी बेत रचला. टास्मानियातलं एक आडबाजूचं तळं. ना रस्ता, ना नेटवर्क. पाण्यावर उतरणारं छोटं विमान सोडून जातं आणि तीन दिवसांनी न्यायला येतं. पळतील कुठे?

आश्चर्य म्हणजे सगळे हो म्हणाले! काका महिनाभर याद्या करत होते. भाजणी, मेतकूट, चकल्या, पाच लिटरचा कुकर, चार सतरंज्या, पत्त्यांचे दोन जोड.

धक्क्यावर पायलट ग्रेगने वजनकाटा आणला. काट्याचा काटा गरकन फिरला.

"मेट, हे विमान आहे, ट्रक नाही!"

"बाबा, कुकर राहू दे ना," मंजिरी म्हणाली.

"मग खिचडी काय टोपीत शिजवू?"

"आजोबा, वी कॅन जस्ट ईट नूडल्स!" ओवी म्हणाली.

शेवटी दोन फेऱ्या करायचं ठरलं. काका लगेच उठले.

"मी सामान घेऊन पुढे होतो. जागा धरून ठेवतो!"

"अहो बाबा, पन्नास किलोमीटरमध्ये माणूस नाही तिथे. जागा घेणार कोण?" सलिलने विचारलं.

"असंच म्हणतात सगळे, आणि मग उभं राहावं लागतं!"

लग्नाच्या पंगतीपासून एसटीपर्यंत काकांनी आयुष्यभर जागाच धरल्या होत्या. तळ्याकाठी उतरल्या उतरल्या त्यांनी चार सतरंज्या अंथरल्या. एकीवर स्वतः बसले, बाकीच्यांवर टोपी, रुमाल आणि चष्म्याचं घर ठेवलं. तेवढ्यात कांगारूसारखी दिसणारी एक छोटी वॉलबी येऊन ओवीच्या सतरंजीवर बसली.

"ए! तिथे माणूस आहे!"

वॉलबीने इकडेतिकडे पाहिलं. तिला कोणी दिसलं नाही.

दुपारी वारा सुटला. ग्रेगने ठेवलेला सॅटेलाइट फोन वाजला. सलिल होता.

"बाबा, आज विमान उडणार नाही म्हणे. उद्या येतो. ठीक आहात ना?"

"मला काय धाड भरलीय! तुम्ही जेवलात?"

"हो, पबमध्ये. ओवी खूश आहे, इथे वायफाय आहे."

काकांनी चौघांची खिचडी शिजवली. चौघांचे पत्ते वाटले. चारही हात स्वतःच खेळले, आणि तरी हरले!

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही वारा. पुन्हा फोन, पुन्हा "उद्या नक्की". चौथ्या दिवशी सकाळी विमान आलं. काका पाण्यात गुडघ्यापर्यंत धावत गेले. दार उघडलं. आत एकटा ग्रेग.

"बाकीचे?"

"धक्क्यावर थांबलेत. तीन दिवस संपले, मेट. तुम्हाला न्यायला आलोय."

धक्क्यावर सलिलने त्यांना घट्ट मिठी मारली. "सॉरी बाबा! तीन दिवस एकटे! फार अवघड गेलं का?"

"छे रे!" काका त्याच्या समाधानासाठी घाईघाईने म्हणाले, "अगदी घरच्यासारखं वाटलं!"

सलिलचे हात तसेच राहिले. आपण काय बोललो ते काकांच्या ध्यानात आलं, आणि ते चटकन बुटाची नाडी बांधायला खाली वाकले.

पायात चपला होत्या.