भोंग्याला पैकीच्या पैकी

मुख्य कार्यालयाचे छापील कागद गोदामात आले. जावक टेबलावरच्या ताईने सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. "तुमचे साहेब तुम्हाला किती समजून घेतात? चुका कशा दाखवतात? काम कसं शिकवतात? दहापैकी गुण द्या. नाव लिहू नये."

गोदामाच्या साहेबांना पाठीमागे सगळे भोंगा म्हणत. शिकवणं म्हणजे टेबलाशी येऊन कोकलणं आणि समजून घेणं म्हणजे रजेचा अर्ज टराटरा फाडणं, एवढंच त्या माणसाला येत होतं. तीन वर्षं ऐकून ऐकून ताईचे कान किटले होते.

"भोपळा देऊ त्याला!" हमालांचा मुकादम दात-ओठ खात म्हणाला.

"अक्कल गहाण टाकलीस का दादा?" ताई म्हणाली. "भोपळा मिळालेला माणूस इथंच सडणार. त्याला वर कोण घेतंय? दहा दिले तर बढती मिळेल. जाईल मुख्य कार्यालयात, सुटू आपण!"

मुकादमाच्या डोक्यात उजेड पडला.

गोदामातल्या अकराही जणांनी दहापैकी दहा दिले. 'उदाहरण लिहा' या रकान्यात ताईने तर हात सैल सोडला. साहेब दर सोमवारी जवळ बसवून तासभर शिकवतात. आवाज म्हणून चढवत नाहीत. परवा चुकीच्या गाडीत माल चढला, तर म्हणाले, चूक माझ्या सांगण्याची. बाकी दहा जणांनी तेच उतरवून काढलं, शब्दन् शब्द. कुणाही शहाण्याला संशय आला असता. पण वरची माणसं कागद वाचत नाहीत, बेरीज करतात.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. भोंग्यानेच ते सगळ्यांसमोर वाचलं. "असा मार्गदर्शक एका गोदामापुरता ठेवणे योग्य नाही..."

मुकादमाने ताईला कोपराने ढोसलं.

"...म्हणून इतर सात गोदामांचे साहेब तीन महिने तिथेच राहून त्यांची पद्धत शिकतील."

"घे," मुकादम पुटपुटला. "एक होता, आता आठ झाले."

सोमवारी सात साहेब वह्या उघडून ताईच्या टेबलाभोवती उभे राहिले. मध्ये भोंगा, घामाने निथळलेला. तो वाकला आणि तिच्या कानाशी कुजबुजला, "ताई, पाया पडतो तुमच्या. मी तुम्हाला काय शिकवतो, ते जरा सांगा की!"

ताईने सातही चेहरे सावकाश न्याहाळले.

"आधी खुर्च्या आणा," ती म्हणाली. "असं उभ्या उभ्या नाही शिकता येत."

आणि भोंगा खुर्च्या आणायला पळाला.