उरलेल्या नऊ क्षमा

शनिवारी सकाळी पाळकांनी चर्चमधली प्रश्नपेटी उघडली. पेटीत नेहमी तेच ते प्रश्न निघत. देवदूतांना पंख असतात का, उपवासात चहा चालतो का, लांबलेल्या प्रवचनातून मध्येच उठणं हे पाप आहे का. रविवारच्या उपासनेत ते उत्तरं द्यायचे. आज मात्र एका चिठ्ठीवर चक्क बायकोचं अक्षर होतं.

‘येशू म्हणतो, साताच्या सत्तर वेळा क्षमा करायची, म्हणजे चारशे नव्वद. माझ्या चारशे एक्क्याऐंशी करून झाल्या. नऊ उरल्यात. पुढे काय करू?’

बिचाऱ्यांचं धाबं दणाणलं. माणूस सरळ, पण एक नंबरचा धांदरट. खरं तर चारशे एक्क्याऐंशी हा आकडा त्यांना कमीच वाटला. तिला विचारायचीही सोय नव्हती, कारण चिठ्ठी कोणाची हे विचारायचं नाही हा नियम त्यांनीच घातलेला. मग तिला खूश करायला त्यांनी भांडी घासली, त्यात तिची आवडती बशी फुटली. आठ उरल्या. पडदे धुवायला टाकले, त्यांचा रंग उशांच्या पांढऱ्या अभ्र्यांना लागला. सात. ती नुसती बघत राहिली, तसे ते आणखीच घाबरले.

रविवारी त्यांनी उत्तर झकास दिलं. तो आकडा मोजण्यासाठी नाहीच, मोजणं सोडून द्या एवढाच त्याचा अर्थ, हे सगळ्यांना पटलं. शहाण्या माणसाने इथे थांबायचं की नाही? पण समोर बायको गंभीर चेहऱ्याने बसलेली. त्यांना राहवेना.

“जिने विचारलं तिची मी माफी मागतो,” ते म्हणाले. “तुझ्या आईची फुलदाणी मांजरीने पाडली नव्हती. मी पाडली.”

पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्या शिक्षिकाबाई काठी टेकत उठल्या. प्रश्न त्यांचा होता, त्यांच्या जावेबद्दलचा. हात थरथरतो म्हणून पाळकीणबाईंकडून लिहून घेतला होता, हे त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं.

“उत्तर पटलं,” त्या म्हणाल्या. “फुलदाणीचं तेवढं समजलं नाही.”

मंडळी हसून लोटपोट झाली. पाळकांना कुठे तोंड लपवू असं झालं.

बायको पुढे, ते मागे, असे दोघे घरी आले. दारात त्यांनी शेवटी विचारलंच, “मला क्षमा केलीस ना?”

“माझं काय, मी कधी मोजतच नव्हते,” ती म्हणाली. “पण त्या फुलदाणीपायी बिचाऱ्या मांजरीला मी ताईकडे धाडलं. आता जा आणि मांजरीची माफी मागा. ती यायला तयार झाली, तरच तुम्हीही घरी या.”