एकोणतीस खुरट्या माश्या

"सर, सोमवारी तपासणी समितीसमोर माझ्या माश्या तीनास एक हे प्रमाण देणार म्हणजे देणार," जीवशास्त्राच्या बाई विभागप्रमुखांना छातीठोकपणे म्हणाल्या. "माणसं शब्द फिरवतात, माश्या फिरवत नाहीत."

विभागप्रमुखांनी चष्म्यावरून पाहिलं. "बघा हं. तुम्हाला कायम करण्याचं पत्र टाइप होऊन पडलंय. समितीचं समाधान झालं की सही करतो."

बाई सहा वर्षं हंगामी होत्या. दर वर्षाअखेरीला "बघू" एवढंच ऐकून त्यांचे कान किटले होते.

प्रयोग तसा साधा. लांब पंखांची फळमाशी आणि खुरट्या पंखांची फळमाशी यांची जोडी जमवली, की पोरं झाडून सगळी लांब पंखांची निपजतात. खुरटेपणा गेला कुठे? कुठेच नाही. तो अप्रभावी गुण, म्हणून प्रभावी गुणाच्या आड गुपचूप बसून राहतो. त्या पोरांची आपसात लग्नं लावली, की नातवंडांतल्या चारांपैकी साधारण एक खुरटे पंख घेऊन हजर. बाईंनी नातवंडं दोनदा मोजली होती. लांब पंखांची एक्याण्णव, खुरट्या पंखांची एकोणतीस.

रविवारी कॉलेजात वायरिंगचं काम, म्हणजे दिवसभर वीज बंद. त्यात थंडी मी म्हणत होती. गारठ्यात माश्या मलूल होतील म्हणून बाईंनी नातवंडांची बाटली शनिवारीच घरी आणली आणि स्वयंपाकघरात शेगडीजवळच्या फळीवर ठेवली. तिला झाकण म्हणजे कापसाचा बोळा.

"या बोळ्याला कोणी हात लावायचा नाही," त्यांनी घरात जाहीर केलं.

कारण त्या आपलं घर ओळखून होत्या. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. गिऱ्हाइकांच्या घड्याळांची झाकणं तेवढी तो परत लावी, बाकी टूथपेस्ट, तेलाची बाटली, साखरेचा डबा, सगळं उघडं. सासूबाई त्याच्या वरताण. "उघडं टाकणं हा तुमच्या घराण्याचा प्रभावी गुण आहे," असं बाई आठवड्यातून दोनदा तरी ऐकवत. सासूबाई ऐकून घेत आणि डबा उघडा टाकून निघून जात.

रविवारी सकाळी बाई बाटलीपाशी असतानाच विभागप्रमुखांचा फोन आला. सगळं ठीक ना? एकदम चोख, सर. बाई खुशीत आंघोळीला गेल्या. परत आल्या, पाहतात तर काय!

बोळा ओट्यावर पडला होता. बाटलीच्या तळाशी एकोणतीस खुरट्या माश्या निवांत फिरत होत्या. ज्यांना उडता येत होतं त्या सगळ्या उडून गेल्या होत्या. ज्यांना येत नव्हतं त्यांनी घर राखलं होतं.

"अहो! बाटली कोणी उघडली?"

"मी नाही," नवरा म्हणाला. त्याच्या हातातल्या टूथपेस्टला झाकण नव्हतं.

"आई?"

"मी कशाला त्या चिलटांच्या नादी लागू?"

"मग बोळा काय आपोआप निघाला? सहा वर्षं वाट पाहिलीय मी. उद्या समितीला काय दाखवू, रिकामी बाटली?" नवऱ्याने मुकाट्याने खिडक्या लावून घेतल्या.

मग मोहीम सुरू झाली. बाईंनी बरण्यांत पिकलेल्या केळ्याचे तुकडे टाकून तोंडाशी कागदाची नरसाळी बसवली. सासूबाई एका बरणीवर पहारा देत बसल्या. सापडेल ती माशी घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून नवरा मोजू लागला. दुपारी तो ओरडला, "एक्याण्णव! झाल्या तुझ्या."

बाईंचा जीव भांड्यात पडला, पण तिथे टिकला नाही. माश्या यायच्या थांबेचनात. शंभर झाल्या, एकशे वीस झाल्या. कचऱ्याच्या डब्यावरची घरची चिलटंही केळ्याच्या वासाने जेवायला आली होती. त्यांचेही पंख लांबच.

"यातल्या आपल्या कुठल्या?" नवऱ्याने विचारलं.

"ते आता त्यांनाच माहीत."

"मग कुठल्याही एक्याण्णव ठेव. कोणाला कळणार आहे?"

कोणाला कळणार नव्हतं, आणि त्याचीच बाईंना भीती वाटत होती. हात बरणीकडे जात होता, मागे येत होता. तेवढ्यात फोन वाजला. दोन्ही हात केळ्याने बरबटलेले, म्हणून नवऱ्याने स्पीकर लावून फोन समोर धरला.

"सकाळी घाईत बोललात," विभागप्रमुख म्हणाले. "माश्यांना खाणं घालतेय, हातात बोळा आहे, म्हणालात. उरकलं ना ते?"

नवरा भिंगातून बायकोकडे बघत राहिला. सासूबाईंनी बरणीवरची नजर हलवली नाही.

"उरकलं, सर," बाई बारीक आवाजात म्हणाल्या. मग डोळे मिटून सगळं सांगून टाकलं.

"उरल्यात त्या घेऊन या," एवढंच बोलून विभागप्रमुखांनी फोन ठेवला. बाईंना त्या रात्री झोप लागली नाही.

सोमवारी त्यांनी समितीपुढे दोन बाटल्या ठेवल्या. एकीत कॉलेजातच राहिलेले लांब पंखांचे आईबाप, दुसरीत त्यांची एकोणतीस खुरटी पोरं. बाकीची माझ्या चुकीने उडाली, त्या म्हणाल्या, आणि आईबापांत न दिसणारा गुण पोरांत कुठून येतो ते समजावून दिलं. समितीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाई हसून म्हणाल्या, "माझ्या तर एकदा सगळ्याच उडाल्या होत्या."

संध्याकाळी पत्र घरी आलं. बाईंनी ते सासूबाईंच्या पायाशी ठेवून वाकून नमस्कार केला. "आई, उगाच बोलले तुम्हाला." मग तिथेच बसून स्वीकृतीची सही ठोकली आणि दुकानातल्या नवऱ्याला सांगायला धावत सुटल्या.

परत येऊन बघतात तर सासूबाई जमिनीवर वाकून काहीतरी शोधत होत्या. त्यांनी पलंगाखालून बाईंच्या पेनाचं टोपण काढलं, जन्मात पहिल्यांदा एक झाकण जागच्या जागी लावलं आणि म्हणाल्या, "म्हणजे हे रक्तातून येत नाही तर. सहवासाने होतं."