जपानी पद्धतीचा चेअरमन

राज्य कोण चालवतो यापेक्षा राजीनामा कोण किती अदबीनं देतो, यावरून राष्ट्राची उंची ठरते. या कसोटीवर जपान फार पुढे आहे. गेल्या वर्षापासून हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या अलीकडची एक शेळी-मेंढीपालक संस्थाही पुढे आहे.

संस्थेचे सभासद दोनशे बारा, संचालक अकरा (पैकी एकमेकांचे नातेवाईक नऊ, उरलेल्या दोघांची बोलणी चालू होती). नामाजी अकरा वर्षं चेअरमन. गेल्या ज्येष्ठात शेळ्यांची पावसाळ्याआधीची लस आली नाही, कारण मागणीपत्रावर चेअरमनची सही नव्हती. चंद्रभागाबाईंच्या चौदा शेळ्यांपैकी दोन दगावल्या. त्या थेट संस्थेच्या दारात जाऊन बसल्या.

"सही होईस्तोवर उठत न्हाई," म्हणाल्या.

सही करणं हा एक उपाय होता. पण संस्थेचे सचिव शिवहार हे निवृत्त नागरिकशास्त्र शिक्षक. त्यांनी तातडीची सभा घेऊन जपानचा कारभार समजावून सांगितला. तिथं जनता खासदार निवडते आणि खासदार पंतप्रधान निवडतात. दोन सभागृहांचं जमलं नाही, तर खालच्याचं चालतं. नेमणूक सम्राट करतो (नाही म्हणायची सोय त्याला नाही). खरं काम त्याआधीच झालेलं असतं. मोठ्या पक्षातले गट आपसात झुंजून पक्षाचा अध्यक्ष ठरवतात आणि बहुधा तोच पंतप्रधान होतो. लोक फार चिडले की तो कमरेत वाकून माफी मागतो आणि जातो. मग त्याच पक्षातला दुसरा येतो.

"लोकांचा राग बी निघतो अन् पक्ष बी राहतो," शिवहार म्हणाले.

संचालक भारावले. ही पद्धत आपल्याकडे आधीपासूनच आहे, फक्त वाकायचं राहून गेलं, असं सर्वानुमते ठरलं.

नामाजी दारात येऊन चंद्रभागाबाईंपुढे वाकले. सत्तरीचा माणूस आपल्यापुढे वाकलेला पाहून बाईंना कसंनुसं झालं. त्या पदर सावरत उठल्या. घरी पोचल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की सही राहिली.

नवे चेअरमन नामाजींचे मेहुणे रामप्रसाद. त्यांनी तीन आठवडे फायलीचा अभ्यास केला. बाईंच्या आणखी तीन शेळ्या गेल्या. ते वाकले. त्यांच्यानंतर नामाजींचा पुतण्या प्रभू आला. त्यानं पदभार घेतानाच वाकून घेतलं, म्हणजे पुढं वेळ जायला नको.

हिंगोलीला कॉलेजात शिकणाऱ्या लेकीला, राधिकाला, बाईंनी विचारलं, "जपानातले लोकं त्याच पक्षाला काहून निवडून देतात गं?"

"नेहमीच देत न्हाईत माय. एकदोनदा घरी बसवलाय."

"कसा?"

"मतं टाकून."

एवढं साधं असेल असं बाईंना वाटलं नव्हतं. संस्थेची निवडणूक तोंडावर होती. त्या उभ्या राहिल्या. जन्मात कुणाकडं काही मागितलं नव्हतं, पण रानोरान फिरून मत मागितलं. जिथं जातील तिथं माणसं काठीवर रेलून म्हणायची, "व्हय, बदल पायजेच." एकाही सभासदानं नाही म्हटलं नाही.

मतदान रविवारी झालं. दोनशे बारापैकी एकाहत्तर सभासद आले. बाई चार मतांनी पडल्या आणि अकराच्या अकरा जागा जुन्यांनाच गेल्या. नामाजी पुन्हा चेअरमन झाले. जपानात निम्म्याच्या आसपास लोक मतदानाला जातात, आपण तर तिसऱ्या हिश्श्यात भागवलं, अशी नोंद शिवहारांनी इतिवृत्तात अभिमानानं केली.

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा रानोरान फिरल्या.

"आलं काहून न्हाई?"

"तुमी निवडून येणारच व्हत्या, मंग गर्दी कशाला," एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "निवडून कोणी बी आलं तरी काय फरक पडून राहिला?" तिसऱ्यानं विचारलं, "झाली का निवडणूक?"

उरलेल्या नऊ शेळ्या जीपमध्ये घालून बाईंनी सेनगावच्या जनावरांच्या दवाखान्यातून टोचून आणल्या. परतताना वाटेत चौघांनी थांबवून विचारलं, आमच्या शेळ्या काहून न्हाई नेल्या?

या सभासदांना हसायला हरकत नाही. फक्त आपली पतसंस्था, आपली सोसायटी, आपली शाळा समिती यांची मागची निवडणूक कोणत्या तारखेला झाली, हे वाचकांनी आधी सांगावं. तारीख नसेल आठवत, तर निवडून कोण आलं एवढंच सांगितलं तरी चालेल.