चादरीखालची घंटा

दाजी विजयकरांचं दार ठोठावलं की आधी आतून आवाज यायचा, "थांबा, झाकतोय." नवखा माणूस बिचकून दोन पावलं मागे सरायचा. आम्हां फणसवाडीकरांना सवय होती. दाजी स्वतः घरातही इस्त्रीच्या सदऱ्यात असत. झाकायचं असे ते टेबलावरचं यंत्र. त्यावर निळ्या काठांची चादर पडली, की मग कडी निघायची.

दाजी टेलिफोनच्या नोकरीतून निवृत्त झालेले, एकटे, आमच्या लागूनच्या खोलीत राहायचे. यंत्र कसलं ते वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त पाहिलं कुणीच नव्हतं. इकडच्या खोलीत दोरी ओढली की लांबच्या खोलीत घंटा वाजणार आणि कुठून बोलावणं आलं तो खोलीचा आकडा खटकन खाली पडणार. आग, चोर, आजारपण, कशालाही चालणारं.

"टेलिफोन काय, श्रीमंतांकडे असतो, परुळेकर," ते मला म्हणायचे. "आपल्यासारख्याने अडल्यावेळी हाक मारायची कशी? पण कुठे बोलू नका. पेटंट व्हायचंय."

हे 'पेटंट व्हायचंय' सदा तोंडी. माझ्या बायकोने, सुमनने, एकदा त्यांना तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, आमटी नेऊन दिली. चाखून त्यांनी गंभीरपणे विचारलं, "कृती कुणाला सांगितलीस?"

"अख्ख्या मजल्याला," ती म्हणाली.

दाजींनी कपाळाला हात लावला. "संपलं. आता पेटंट मिळायचं नाही."

थट्टा सोडली तर त्यांचं म्हणणं खरं होतं. लोहार चाळीच्या बाजारातले एक विजेच्या सामानाचे शेठ हे यंत्र बनवायला तयार होते. गिरण्या घेतील, इस्पितळं घेतील, असा त्यांचा हिशेब होता. "पण कागद पायजे, दाजी," ते माझ्यासमोरच म्हणाले होते. "साचे मी बनवणार, आणि महिन्याने बाजूवाला तोच माल अर्ध्या भावात विकणार. मग मी दुकान बंद करू?" अर्ज करायच्या आधी यंत्र चारचौघांत वापरलं तर पेटंट विसरा, असं वकिलानेही बजावलेलं. दाजींनी ते इतकं मनावर घेतलं, की यंत्र एकदाही चालवून पाहिलं नाही. चाचणी म्हणजे वापरच की. आणि अर्ज नेहमी उद्या जायचा असे, कारण आज एखादा स्क्रू बदलायचा राहिलेला असे.

अशात संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली आणि गिरगावात कर्फ्यू लागला. सुमनचे दिवस भरलेले. नर्स कुंदाताई समोरच्या चाळीत, मागच्या बाजूच्या खोलीत राहायच्या. त्यांच्याकडे कर्फ्यूचा पास होता, पण अंथरुणाला खिळलेल्या सासूला सोडून त्या आधीपासून येऊन बसू शकत नव्हत्या. आणि गोंधळ सुरू झाला की इथून मारलेली हाक तिथवर पोचणं शक्य नव्हतं. मला रात्रभर झोप आली नाही.

सकाळी दुधासाठी थोडा वेळ मोकळीक मिळाली, तेव्हा दाजी यंत्र घेऊन गॅलरीत आले. उघडं यंत्र.

"दाजी, लोक बघतायत," मी म्हटलं.

"बघू देत."

"आणि पेटंट?"

त्यांनी चादर माझ्या खांद्यावर टाकली. "ही सुमनला लागेल. तार धरा."

तारेला दगड बांधून ती समोर फेकली आणि घंटा कुंदाताईंच्या खोलीत नेऊन बसवली. दोन्ही चाळींच्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या. सगळ्यांनी यंत्र निरखून पाहिलं, काहींनी तर दुरुस्त्याही सुचवल्या.

दुपारी कळा सुरू झाल्या तेव्हा गल्लीत अश्रुधूर होता आणि एकूण एक दार बंद होतं. दाजींनी दोरी धरली आणि पुन्हा सोडली. "कधी चालवून पाहिलं नाही हो," ते पुटपुटले. शेवटी दोरी मी ओढली. थोड्याच वेळात कुंदाताई तोंडाला ओला पदर लावून जिना चढून आल्या. आम्हाला मुलगी झाली. त्या दिवशी मला दाजींचे पाय धरावेसे वाटले.

पुढे वकिलाने हात वर केले. शेठ आले, यंत्राची तारीफ केली, चहा प्यायले आणि गेले ते गेलेच. काही महिन्यांनी लोहार चाळीत तसलीच घंटा विकायला आली. मी बरोबर होतो. दाजींनी ती उलटसुलट करून पाहिली, "तार बारीक घातलीय," म्हणाले आणि परत ठेवली.

कर्फ्यू उठला तेव्हाच समोरची तार त्यांनी काढून माझ्या खोलीत आणली होती. आमच्यात एकच भिंत आहे. नुसती ठोकली तरी ऐकू येईल. पण रोज चार वाजता घंटा वाजते, त्यांच्या खोलीचा आकडा पडतो आणि मी जातो.

"काही नाही, चाचणी," दाजी म्हणतात. "इतकी वर्षं राहून गेली ना."

यंत्र आजवर कधी बिघडलेलं नाही. "आलाच आहात तर बसा," असं म्हणून ते खुर्ची पुढे करतात. टेबलावर चहा तयार असतो. माझा कप निवू नये म्हणून बशीने झाकून ठेवलेला असतो.