टियर्नींचं एक गणित

प्रोफेसर टियर्नींसमोर 'साधारण' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. "साधारण दहा मिनिटं बसा," असं आमची रिसेप्शनिस्ट म्हणाली, की थोड्या वेळाने ते काउंटरवर हजर. "साडेअकरा मिनिटं झाली. साधारण म्हणजे किती, ते एकदा ठरवून टाका." वेटिंग रूममधल्या पोस्टरवरची दशांशचिन्हंसुद्धा ते पेन्सिलीने सुधारत. नर्सेस त्यांना पाहिलं की फाइलमध्ये डोकं घालायच्या.

ऐंशीच्या दशकाची अखेर. मी हॅरो या इंग्लिश उपनगराजवळच्या एका हॉस्पिटलात रेडिओथेरपीची डॉक्टर होते. टियर्नी मूळचे आयर्लंडचे, अणू फोडणाऱ्यांच्या पहिल्या पिढीतले. कण वेगाने फेकणारी यंत्रं त्यांनी स्वतःच्या हातांनी जोडली होती, त्यांतली हवेची गळती मुलांच्या खेळातल्या मातीने, प्लॅस्टिसिनने, बुजवली होती. आमचं मशीन म्हणजे त्या यंत्रांचं नातवंड. आणि त्याखाली रोज झोपत होती त्यांची बायको, नोरा. कॅन्सर हाडांत पोचला होता.

नोराला मशीनची भीती नव्हती. आत एकटं राहायची होती. किरण सुरू असताना पेशंटशिवाय आत कुणी थांबायचं नसतं. का, ते टियर्नींइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी तिसऱ्या आठवड्यात त्यांनी माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. आत थांबल्यास आपल्याला किती किरणं लागतील, याचं गणित.

"नगण्य आहे, डॉक्टर. मला आत थांबू द्या."

मी कागद वाचला. "नियमात बसत नाही, प्रोफेसर."

"मी ऐंशीचा आहे. मला आता काय व्हायचंय?"

"तरीही नाही."

त्यांनी कागदाची घडी घातली. एरवी दशांशावरून भांडणारा माणूस, पण वाद घातला नाही. नोरा आणखी चार दिवस एकटीच आत गेली. पाचव्या दिवशी येऊ शकली नाही. पंधरवड्यात संपलं सगळं.

महिन्याने मी जवळच स्टॅनमोरला त्यांच्या घरी गेले. टियर्नी घरातही ओव्हरकोट घालून बसले होते. खोली गारठली होती.

"त्या कागदावर," ते म्हणाले, "एक शून्य मी मुद्दाम खाल्लं होतं. उभ्या आयुष्यात तेवढंच."

"माझ्या लक्षात आलं होतं."

त्यांनी मान हलवली. "नोराला मी सांगायला हवं होतं. तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं, की आत थांबू का, हे मी तुम्हाला विचारलंच नाही."

मी उठले आणि हीटिंग लावलं.