तणाचा वैरी झनकलालभाऊ

माझ्या लग्नात सगळा गाव अक्षता टाकत होता, तेव्हा शेजारचा झनकलालभाऊ मांडवाच्या खांबाशी उकिडवा बसून गवत उपटत होता. अंतरपाट दूर झाला आणि नवरीची पहिली नजर गेली ती त्याच्याकडे. माझ्या पोटातली जळजळ तेव्हापासूनची.

त्याची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, माझ्या बांधीला लागून; मधे फक्त धुऱ्याचा बांध. बायको रोज धुऱ्यावर उभी राहून म्हणायची, "पाहा जी, त्यायच्या बांधीत काडी नाही दिसत." एकदा तरी तिनं माझ्या धानाकडे असं पाहावं, एवढीच माझी इच्छा होती.

धान कापलं की लोक बांध्या गुरांना मोकळ्या सोडत. हा ओल असतानाच नांगर घाली. रोहिणीच्या सरी पडल्या की पुन्हा नांगरून गप्प बसे. तण हिरवंगार उगवे, लोक हसत, आणि मग हा वखर फिरवून सगळं उलथून टाकी. "तणाले पहिले जेवाले बसवाचं," म्हणायचा, "मंग खालचा पाट ओढाचा."

एवढं नांगरायचा मला कंटाळा. म्हटलं, आपण खतानं जिंकू. तिरोड्याच्या बैलबाजारातून बैलबंड्या भरभरून ताजं शेण आणलं. झनकलालभाऊनं चिमूटभर उचलून वास घेतला.

"सडवलं नाही काऊन रे?"

"तुमाले कायले पंचायत, भाऊ? जळून राहिले का?"

"याच्यात गवताचं बी जित्तं आहे, बाप्पा."

पाऊस लागला आणि दहा गावच्या बैलांनी खाल्लेलं एकूणएक गवत माझ्या बांधीत उगवलं. त्यातलं सावा नावाचं तण तर धानापेक्षा वीतभर उंच. मालगुजाराचा दिवाणजी घोडी थांबवून विचारता झाला, "चराई का क्या लेते हो, भाई?"

निंदाईला आळीतल्या झाडून साऱ्या बायका बोलवाव्या लागल्या. दिवसभर गाणी, टोमणे, खिदळणं. दुपारी धुऱ्यावर शिदोऱ्या सुटल्या. पलीकडे झनकलालभाऊ आपल्या निर्मळ बांधीच्या कडेला एकटा बसला होता. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, पोरबाळ नाही. आणि निंदायला तणच नाही, म्हणून त्याच्या शेतात कोणी फिरकत नसे.

तो आता शेणावरून बोलणार, म्हणून मी मान खाली घातली.

"मजा आहे बाप्पा तुझी," तो म्हणाला. "केवढे लोक."

मी वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांतली जळजळ माझ्या चांगल्या ओळखीची होती.

"या ना भाऊजी, पेज प्या," बायको म्हणाली.

तो आला. पेज प्याला, आणि घरी न जाता विळा घेऊन बायकांच्या रांगेत वाकला. कोणीतरी त्याच्या टकलावर गाणं रचलं. तो लाजला.

संध्याकाळी मी त्यानं निंदलेल्या ओळीतून चालत गेलो. लग्नमांडवातही काडी न सोडणाऱ्या या माणसानं जागोजाग सावा तसाच उभा ठेवला होता. मी तोंड उघडणार, तोच बायकोनं कोपर मारलं.

"झालं नाही रे तुझं अजून," हात धूत तो म्हणाला. "उद्या पुन्हा बायका बोलवाव लागन."

"तुमी पण या मंग."

"पाहीन," तो म्हणाला, आणि विळा माझ्याच धुऱ्यावर ठेवून घरी गेला.